कपाशीची जात कोणती?

जळगांवच्या अगर धुळ्याच्या बाजारांत बियाणें घेणाऱ्यास “कपाशी कोणत्या जातीची?” असें विचारावें, तर कोणी ‘देशी’ म्हणतो, कोणी ‘अमेरिकन’, तर कोणी पिशवीवरील वाणाचें नांव सांगतो. हीं उत्तरें एका पायरीवरचीं नव्हेत, हें वाचकबंधूंच्या ध्यानीं आणून द्यावें असें आम्हांस वाटतें.

तर्कशास्त्रांत जाति व उपजाति हे शब्द सापेक्ष आहेत. वनस्पति ही जाति घेतली तर झाड ही तिची उपजाति. परंतु आंबा, निंब यांच्या दृष्टीनें झाड हीच जाति ठरते. लिनियसनें १७५३ सालच्या आपल्या ग्रंथांत हीच जुनी परिभाषा वनस्पतींस लाविली. पण जीवशास्त्रांत पुढें पायऱ्या कायम झाल्या: कुल, त्याखालीं प्रजाति, तिच्याखालीं जाति. (हिंदी पत्रकें वाचणारांनीं जपावें, तेथें आपल्या जातीसच पुष्कळदां ‘प्रजाति’ म्हणतात!)

कपाशीची प्रजाति गॉसिपियम. तींत देशी म्हणजे अर्बोरियम ही एक जाति, अमेरिकन म्हणजे हिर्सुटम ही दुसरी. खानदेशांत एके काळीं गाजलेला ‘जरिला’ हा देशी जातीचा केवळ एक वाण. देशीच्या पेशींत २६ रंगसूत्रें, अमेरिकनच्या पेशींत ५२. त्यांचा संकर सहसा साधत नाहीं, आणि साधलाच तर ३९ रंगसूत्रांचें तें रोप बहुधा वांझ निघतें. उलट १९७० सालीं सुरतेहून आलेला ‘संकर-४’ हा अमेरिकन जातींतीलच दोन वाणांचा असल्यामुळें त्यास बीं धरतें. मात्र तें राखून पेरल्यास पीक एकसारखें येत नाहीं. म्हणून अमेरिकन सरळ वाणाचें बियाणें घरीं राखणाऱ्यास शेजारच्या देशी कपाशीचें भय थोडें, दुसऱ्या अमेरिकन वाणाचें अधिक. दोहोंस ‘निराळी जात’ म्हणून मोकळें होणाऱ्याचें बीं येथेंच बाटतें.

उदयनाचार्यांनीं सांकर्य हें जातीस बाधक मानिलें, तें तर्कांतलें. शेतांतला संकर ही गोष्ट वेगळी. केळीच पाहा. लिनियसनें भाजीच्या व पिकवून खाण्याच्या केळींच्या दोन जाति कल्पिल्या. पुढें १९५५ सालीं सिमंड्स व शेफर्ड यांनीं दाखविलें कीं, लागवडीच्या बहुतेक केळी ॲक्युमिनाटा व बाल्बिसियाना ह्या दोन रानटी जातींपासून, कांहीं एकीपासून व कांहीं दोहोंच्या संकरांतून, निघाल्या आहेत. रावेर-यावलकडील बसराई पहिलीच्याच वंशांतली. तिच्या रंगसूत्रांचे तीन संच असल्यानें ती बीं धरीत नाहीं. तेव्हां बागाईतदारास शेजारच्या परागाची चिंता नको. कंद कोणत्या बागेंतून आणिला, तेवढें पाहावें.