सुगरण आणि घार

पेण व रोहा तालुक्यांतील भातशेतकऱ्यांस सुगरण आणि घार हे दोन्ही पक्षी परिचयाचे आहेत. एक दाणे टिपते म्हणून तिच्यावर गोफण फिरते. दुसरी कोंबडीचें पिलूं उचलते म्हणून तिला शिव्या मिळतात. परंतु दोघींच्या जीवनक्रमांतील भेद शेतकऱ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

घार कशावरही निभावते. मेलेली मासळी, उंदीर, बेडूक, बाजारांतील घाण, कांहींही तिला चालतें. घरटें ती उंच आंब्यावर बांधते, तसेंच मनोऱ्यावरही. म्हणून गांव वाढला तरी तिचें अडत नाहीं.

सुगरणीचें तसें नाहीं. तिला विहिरीवर वा ओढ्यावर झुकलेली शिंदी किंवा बाभूळ लागते, आणि विणकामास भाताच्या पात्यांचे वा गवताचे लांब धागे लागतात. विणणारा नर होय. तो अर्धवट घरटें टांगतो. मादीस तें पसंत पडलें तरच काम पुरें होतें, आणि मग तोच नर दुसरें घरटें आरंभितो. हा क्रम सालिम अली यांनीं १९३० सालीं शेजारच्या अलिबाग तालुक्यांत किहीम येथें बारकाईनें पाहिला व पुढील वर्षीं प्रसिद्ध केला.

सुगरण आज दुर्मिळ नाहीं. परंतु विपुल असलेला पक्षी टिकेलच असें नाहीं. पिवळ्या छातीचा भारीट हा भातखाचरांत दाणे टिपणारा गाणारा पक्षी उन्हाळ्यांत फिनलंडपासून सैबेरियाच्या पूर्व टोंकापर्यंत विपुल होता. हिवाळ्यांत तो दक्षिणेस उतरे, तेव्हां चीन देशांत त्यास जाळीं लावून खाण्यासाठीं धरीत. १९९७ सालीं तेथें बंदी झाली, तरी चोरटा व्यापार थांबला नाहीं. १९८० नंतरच्या सुमारें तीस वर्षांत त्याची संख्या नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली, व २०१७ सालीं तो अतिसंकटग्रस्त ठरला.

सुगरण दाणे खाते हें खरें. परंतु पिलांना नाकतोडे व अळ्याही भरविते. पीक राखण्यास डबा वाजवावा, बुजगावणें उभारावें. घरटीं ओरबाडूं नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंही तें निषिद्ध आहे. बांधावरील शिंदी तोडणें भागच असेल, तर भातकापणी होऊन घरटीं रिकामीं होईपर्यंत थांबावें, आणि विहिरीजवळचें एक तरी झाड राखावें, अशी आमची वाचकांस विनंती आहे.