आत फ्लू, बाहेर आरएसव्ही

सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मॅडम, एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर त्यातून तिसराच विषाणू जन्मतो का? फ्लू आणि आरएसव्ही (श्वसनमार्गाला ग्रासणारा दुसरा एक विषाणू) यांची जनुकं अशी एकमेकांत मिसळत नाहीत, हे मी सांगते. पण बाह्यांग मिसळू शकतं, आणि तेवढ्यानेही बरंच काही घडतं.

हे दोन्ही विषाणू बाहेर पडताना पेशीच्याच पटलाचा तुकडा पांघरून निघतात. त्यावरची प्रथिनं मात्र विषाणूच्या जनुकांवरून बनलेली. ती पेशीत तयार होऊन पटलावर येऊन थांबतात. दोघांची प्रथिनं तिथे शेजारी शेजारी आली की निघणारा कण समोर असेल ते घेऊन जातो. देवळाबाहेरच्या गर्दीत दुसऱ्याच्या चपला पायात सरकवून कुणी घरी जावं, तसा.

हे नवं नाही. अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना मांडणारे लिओ झिलार्ड आणि त्यांचे सहकारी आरन नोविक यांनी १९५१ मध्येच जिवाणूंना ग्रासणाऱ्या टी-२ आणि टी-४ या विषाणूंत हे दाखवलं होतं. काही कण बाहेरून टी-४, पण त्यांची संतती मात्र टी-२! उसना पोशाख एका पिढीपुरताच टिकला.

पण एक पिढी पुरेशी असते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी फुप्फुसाच्या पेशींना फ्लू आणि आरएसव्हीची एकत्र लागण केली. दोघांचेही अंश असलेले लांबट कण त्यांना दिसले. फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्लाला चिकटून आत शिरतो. ते आम्ल काढून टाकलेल्या पेशींतही या संकरित कणांतला फ्लू शिरला, कारण दार उघडायला आरएसव्हीचं प्रथिन हाताशी होतं. फ्लूला रोखणाऱ्या प्रतिपिंडांनाही त्याने चकवलं. मला सगळ्यात अस्वस्थ करतो तो हाच भाग. लसीने किंवा आधीच्या आजाराने तयार झालेले प्रतिपिंड विषाणूला ओळखतात ते याच बाह्यांगावरून.

हा प्रयोग पेशींवरचा आहे, रुग्णांवरचा नाही, हे मी विद्यार्थ्यांना बजावते. तरीही श्वसनाच्या त्रासाने दाखल झालेल्या लहान मुलात एक विषाणू सापडला म्हणून तपासणी तिथेच थांबवू नये. दुसराही शोधावा, असं माझं ठाम मत आहे.