चादरीआडचे तीन डबे

नवऱ्याचा छंद म्हणजे बायकोचा दुसरा संसार, असं माझं ठाम मत आहे. कुणाचे यजमान जुनी नाणी जमवतात, कुणाचे गच्चीवर निवडुंग वाढवतात. पुसायचं, आवरायचं, पाणी घालायचं काम शेवटी कुणाकडे येतं ते काय सांगायला हवं? आमच्या घरी रेकॉर्ड्स आहेत. काळ्या, गोल, बारा इंची. साडेतीनशेच्या आसपास भरतील. त्यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या चुलतसासऱ्यांच्या, म्हणजे काकांच्या. सोलापुरातल्या एका मिलच्या लूम खात्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. बोनस झाला की काकूंना साडी, पोरांना कापड आणि स्वतःला एक रेकॉर्ड, असा त्यांचा हिशेब. काकू गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. वय ऐंशी.

यंदा आमची एक ठेव पिकली. गच्चीतून पाणी झिरपतं, तिथे ते पैसे घालावेत असं माझ्या मनात. यजमानांच्या मनात मात्र एक प्रीअॅम्प होता. किंमत एक लाख ऐंशी हजार! ‘काकांच्या रेकॉर्ड्स आहेत, त्या नीट ऐकायला नकोत का?’ असा त्यांचा बिनतोड सवाल. काकांचं नाव पुढे केलं की मी गप्प बसते, हे त्यांना वीस वर्षांत चांगलं कळलंय.

आता हा प्रीअॅम्प म्हणजे काय, ते मी आधी समजून घेतलं. (बचत गटाचं काम करताना लागलेली सवय. कर्जाच्या अर्जावर वस्तूचं नुसतं नाव लिहिलेलं चालत नाही, ती कशाला हवी तेही विचारावं लागतं.) रेकॉर्डच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा तिच्यातून जी वीज निघते ती व्होल्टच्या हजाराव्या भागात मोजायची; साधारण पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरमधून येते ती दोन व्होल्टपर्यंत, म्हणजे चारशेपट. ही इवलीशी वीज आधी वाढवून मोठ्या अॅम्प्लिफायरच्या हवाली करायची, हे प्रीअॅम्पचं काम. सुरुवातीलाच काही खरखर, गुणगुण मिसळली तर पुढे तीही गाण्याबरोबर मोठी होते. म्हणून या डब्याचं एवढं कौतुक.

त्याचं आणखी एक काम मला फार आवडलं. खर्जाचे स्वर जसेच्या तसे खाचेत कोरले तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूवर गाणं मावणारच नाही. म्हणून कोरताना खर्ज आकसून घेतात आणि वरचे बारीक स्वर वाढवून ठेवतात. ऐकताना प्रीअॅम्पने नेमकं उलट करायचं. अगदी खालचा, २० हर्ट्झचा स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत सुमारे दहापट वाढवायचा आणि वरचे दाबायचे. किती दाबायचं नि किती वाढवायचं याचं माप १९५४ साली अमेरिकेत ठरलं आणि मग जगभर तेच रूढ झालं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा आपापला कारभार. आपल्या कडक भाकरीसारखंच की हे! टिकावी म्हणून वाळवायची आणि ताटात आमटीत चुरून परत मऊ करायची. आमटी कमी पडली तर घशाला टोचते, जास्त झाली तर लगदा.

तर एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या हॉलमध्ये तीन प्रीअॅम्प जमले. एक आमच्या जुन्या अॅम्प्लिफायरच्या पोटातलाच; मागून त्याची तार वेगळी काढता येते. दुसरा यजमानांच्या मित्राने स्वतः बांधलेला, व्हॉल्व्हचा. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या रेडिओत तापून लालसर दिसायचे ना, तसले काचेचे व्हॉल्व्ह त्यांनी अजून कापसात गुंडाळून जपलेत. आणि तिसरा तो परदेशी, पुण्याच्या एका ओळखीच्या दुकानदाराकडून आठ दिवसांच्या बोलीवर आणलेला. दिसायला असा देखणा की माझ्या पाहण्यातल्या सगळ्या मिक्सरांना लाज वाटावी.

पहिला अर्धा तास नुसती वर्णनं चालली होती. परदेशी डबा लावला की ‘काय मोकळेपणा आहे!’, व्हॉल्व्हचा लावला की ‘काय ऊब आहे!’ एप्रिलमधल्या सोलापुरात ऊब कुणाला हवी होती देव जाणे. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखाही बंद! मी पन्ह्याचे ग्लास ठेवता ठेवता म्हटलं, ‘कुठला डबा वाजतोय ते न बघता ओळखा की.’ एकदम शांतता पसरली. आमची लेक इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, ‘आई बरोबर बोलतेय. पण आधी तिन्हींचा आवाज सारखा केला पाहिजे.’

आवाज किंचितही मोठा असला की माणसाला तोच चांगला वाटतो, आणि तो मोठा आहे हे लक्षातही येत नाही. याला शास्त्रीय कारण आहे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणजे नुसतं बटण जरा फिरवलं तरी गाणं ‘भरदार’ होतं. मग एका मित्राकडच्या चाचणीच्या रेकॉर्डवरचा एकसुरी आवाज लावून, स्पीकरच्या तारांना मीटर जोडून लेकीने तिन्ही डबे एक टक्क्याच्या आत सारखे केले आणि बटणांवर टिकलीने खुणा केल्या. (टिकल्या माझ्या.) बरोबरच्या दुकानदाराने उगीच आवाज वाढवून ठेवला तर काय होईल, ते दुकानात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

कपाटापुढे मी आपली सोलापुरी चादर टांगली. चादरीआड तारा बदलायचं काम माझं. लेकीने शिकवलं होतं. आधी मोठा अॅम्प्लिफायर बंद, मग तारा, मग परत सुरू. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला, भिशीत काढतो तसा. ऐकणारे पाच : यजमान, टेलिफोनवाले भाऊजी, एक प्राध्यापक, लेक आणि अगदी पुढच्या खुर्चीत काका. प्रत्येक फेरीत रेकॉर्डचा तोच तुकडा तिन्ही डब्यांवर वाजवायचा, सगळ्यांनी न बोलता पहिला-दुसरा-तिसरा नंबर लिहून द्यायचा. अशा तीन फेऱ्या. तारा बदलायला मिनिटभर जायचं आणि तेवढ्यात कानातला आधीचा आवाज पुसट होतो, ही या पद्धतीतली उणीव. पण आपण काही प्रयोगशाळेत बसलो नव्हतो.

पहिल्या फेरीला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होती, शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ची. दुसऱ्या फेरीला काकांच्या आवडीचा ख्याल. आणि तिथे ते घडलं. तानपुरा सुरू होऊन चांगलं अर्धं मिनिट झालं होतं. काका वळून मोठ्याने म्हणाले, ‘सूनबाई, तानपुरा कवा लावनार गं?’

कुणीच काही बोललं नाही. यजमान खाली बघत राहिले. मी चादरीआड होते, तिथेच थांबले.

तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी काढतात. त्या जवारीतून मूळ स्वराबरोबर वरच्या बारीक स्वरांचा झरा फुटतो, तोच तानपुऱ्याचा जीव. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांचे भोपळे पिकतात ते आपल्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. ज्या माणसाने चाळीस वर्षं असले तानपुरे ऐकले त्याच्या कानातून नेमका तो झराच आटला होता, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. काका मोठ्याने बोलतात, टीव्ही मोठा लावतात. ‘मिलवाले सगळे असेच बोलतात’ म्हणून सगळे हसतात. लूम खात्यात खटखटाटच एवढा की ओठांवरून बोलणं ओळखायचं नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. ती सवय घरीही सुटत नाही.

गंमत म्हणजे त्या दिवशी सगळ्यांत पक्का निकाल काकांचाच लागला. तिन्ही फेऱ्यांत त्यांनी एकाच डब्याला शेवटचा नंबर दिला. ‘ह्यो डबा गुणगुणायलाय की. लूमच्या मोटारीवानी.’ चादर काढली तर तो व्हॉल्व्हचा! विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरत होती. भाऊजींनी रात्री घरी जाऊन एक तार दुसरीकडे जोडली तेव्हा ती थांबली. लेकीलाही तो डबा ओळखू आला, पण तिला खालची गुणगुण नव्हे, वरची सूं-सूं ऐकू आली होती. विशीतला कान आणि ऐंशीतला कान, एकाच डब्याची दोन टोकं पकडणारे!

बाकी निकाल असा : पंधरा चिठ्ठ्यांत परदेशी डब्याला सहा पहिले नंबर, आमच्या जुन्याला पाच, व्हॉल्व्हला चार. यजमानांनी परदेशी डब्याला एकदा पहिला, एकदा तिसरा, एकदा दुसरा नंबर दिला होता. भाऊजींनी तर आपल्याच अपत्याला दोनदा शेवटी बसवलं. हसून हसून पुरेवाट झाली. तीन डब्यांत काहीच फरक नसतो असं मी म्हणणार नाही. पण पाच कानवेड्या माणसांना न बघता एक लाख ऐंशी हजारांचा फरक सापडला नाही, एवढं खरं.

डोळ्यांवर पडदा टाकला की कान सरळ होतात, हे बायकांना निराळं सांगायला नको. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० आणि ८०च्या दशकांत वादकांची निवड पडद्याआड बसवून करायला सुरुवात केली आणि तिथल्या बायकांची संख्या वाढत गेली. क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राऊज या दोघींनी २००० साली त्याचा अभ्यास छापला. पडद्याने किती फरक पडला यावर पुढे वादही झाले. गोल्डिनबाईंना २०२३ साली बायकांच्या नोकरी-मिळकतीवरच्या संशोधनासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कारपेटवर बायकांच्या चपलांचा आवाज होत नाही म्हणून बरं, असं कुणीतरी म्हणालंच असेल!

परदेशी डबा पुण्याला परत गेला. भाऊजींनी जाता जाता सुई भिंगाखाली धरली, तर तिचं टोक झिजून चपटं झालेलं. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास चालते, आमची किती वर्षं फिरत होती याचा हिशेबच नाही. नवी बसवली, ती त्या डब्याच्या किमतीपुढे चिल्लर. ही परीक्षा चादरीविना झाली, पण ‘स’ आणि ‘श’ फाटायचे थांबले हे मला स्वयंपाकघरातूनसुद्धा कळलं.

ठेवीतली काही रक्कम काकांच्या कानांकडे वळली. त्यांना न्यायला दोन आठवडे लागले. ‘आता म्हातारपनी कशाला?’ म्हणत होते. कान तपासणाऱ्या बाईंनी आलेख समोर ठेवला. खालच्या स्वरांत रेघ बरीच ठीक आणि ४००० हर्ट्झच्या आसपास जी खोल दरी पडली ती पुढे वर आलीच नाही. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण, त्यात वयाची भर. कानाच्या आत पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात, एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. १९४८च्या कारखाना कायद्यातल्या आजारांच्या यादीत हा बहिरेपणा नोंदला गेला होता. काकांच्या खात्यात कापसाचे बोळेसुद्धा कुणी दिले नव्हते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलपर्यंत ठीक. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा. अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या शेडमध्ये मी गटाच्या कामाला जाते तेव्हा शेजारी उभ्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. तिथल्या बायकांना मी आता पहिला प्रश्न विचारते, ‘कानात घंटी वाजल्यासारखं होतं का गं रात्री?’ माना हलतात.

श्रवणयंत्र म्हणजे तरी काय? एक माइक, एक चिमुकला अॅम्प्लिफायर, एक स्पीकर आणि दीड व्होल्टच्या आतबाहेरची बॅटरी. खरा प्रीअॅम्प कुठे हवा होता ते आम्हाला असं समजलं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी अपंगांना साधनं देणारी केंद्राची योजना आहे. साठीपुढच्या गरीब ज्येष्ठांना २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्र मिळण्याची सोय झाली. अर्ज कुठे भरायचा ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा.

यंत्र घातल्यावर काकांनी पहिली तक्रार केली ती वर्तमानपत्राची. पान उलटलं की कडाकडा वाजतं म्हणे! दुसरी माझ्या बांगड्यांची. गाण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. ही यंत्रं बोलणं ऐकवायला बनवलेली. हळू आवाज वाढवायचा, मोठा दाबायचा, यात तानेचा चढउतारच सपाट होतो, आणि लांबवलेल्या स्वराला यंत्र आपलीच शिट्टी समजून कापायला बघतं. ‘भीमसेन पान्यात बसून गायलेत’ असं काकांचं मत पडलं. बाईंनी मग गाण्यासाठी वेगळी मांडणी करून दिली, ती दोनदा बदलली. आता तानपुरा ‘हाय, पन लांब हाय’.

येत्या शनिवारी चौथी फेरी आहे. काकांनी सोबत न्यायला ख्यालाची ती रेकॉर्ड पिशवीत घालून दाराशी ठेवलीय. तिथे प्लेअर नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.