बाहेरून कडी

संपादकांचा निरोप आला तेव्हा मी विस्कॉन्सिनमध्ये होतो. यंत्रविशेषांकासाठी काहीतरी द्या, तुमच्याकडे चीजचे कारखाने पुष्कळ आहेत ना, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ आहेतच. पण ते सगळे सारखेच चकचकीत, डोक्याला जाळी बांधून आत सोडणारे आणि निघताना माहितीपत्रक हातात कोंबणारे. मला पाहायचा होता तो मिलवॉकीच्या उत्तरेला एका शेतघरामागे उभा असलेला मेलेला फ्रीज. त्याच्या माथ्यातून पत्र्याचं धुराडं वर आलेलं आणि पोटात हरणाच्या मांसाचे सॉसेज ओळीनं टांगलेले, एवढंच मला कुणाकडून तरी कळलं होतं.

फ्रीजचे मालक शेतीच्या अवजारांवर वेल्डिंग करून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव छापायचं नाही, फोटो काढायचाच तर फ्रीजचा काढा, या अटीवर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं.

या भागात असा फ्रीज सापडावा यात नवल नाही. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी इथे बंदुकीनं हरणं मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. तो संपला की घरोघरी मांसाचा प्रश्न उभा राहतो. हरणाच्या मांसाला फारशी चरबी नसते. नुसतं शिजवलं तर ते कोरडं आणि चिवट होतं. म्हणून दोन भाग हरण आणि एक भाग डुकराचा चरबीदार खांदा असं एकत्र कुटून, मसाला घालून, त्याचे जाड सॉसेज भरायचे आणि धुरवायचे. इथे येऊन वसलेल्या जर्मन आणि पोलिश कुटुंबांनी ही रीत आणली. विटनबर्ग गावचं न्युस्केज हे दुकान 1933 पासून सफरचंदाच्या लाकडावर बेकन धुरवून त्यावर मोठं झालं आहे. आपल्या किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील टाकले की उरलेलं काम ऊन करतं. गोव्यातही चोरीसला ऊन मिळतं, धूर त्याच्या जोडीला असतो. विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरात ऊन असतं ते फक्त दिसण्यापुरतं. तिथे धुराला पर्याय नव्हता.

पण धुरासाठी फ्रीजच का? उत्तर भिंतीत आहे. तेलाच्या पिंपाचा स्मोकर करणारे पुष्कळ. उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. बाहेर शून्याखाली दहा अंश असताना मात्र पातळ पत्र्यातून सगळी धग निघून जाते, आणि कोळसा घालता घालता माणूस थकतो. फ्रीजच्या दोन पत्र्यांमध्ये जाड लोकर भरलेली असते. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून ती घातली. पण आत उष्णता कोंडली तर ती तिलाही तितक्याच इमानानं अडवते. या फ्रीजच्या तळाशी हजार वॉटची एक साधी विजेची शेगडी आहे. तिच्यावर बिडाची कढई, कढईत हिकरीचा भुसा. हिमवर्षावातही एवढ्यावर आतलं तापमान सत्तर अंशांच्या वर टिकतं.

फ्रीजचा अधिकृत इतिहास चार ओळींत उरकण्यासारखा आहे. जनरल इलेक्ट्रिकचा डोक्यावर गोल टोपलं असलेला फ्रीज 1927 साली आला आणि अमेरिकेच्या स्वयंपाकघरांत शिरला. त्यात गार करणारा गॅस म्हणून सल्फर डायऑक्साइड होता. 1930 नंतर फ्रीऑन आला. आपल्याकडे गोदरेजनं फ्रीज बनवायला सुरुवात केली 1958 साली. मी पाहिला तो दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांतला, आणि स्मोकर करणाऱ्यांच्या दृष्टीनं तोच काळ सोन्याचा. बाहेर पोलाद, आत पोलादावर चिनी मातीसारखी चकचकीत एनॅमल, मध्ये खनिज लोकर. प्लास्टिक जवळजवळ नाही.

जवळजवळ. सगळी गंमत आणि सगळी कटकट या शब्दात आहे.

आतली पोलादी पेटी आणि बाहेरचं पोलादी कवच एकमेकांना टेकलं, तर त्या जोडातून उष्णता आत झिरपेल. म्हणून दाराच्या चौकटीभोवती दोहोंच्या मध्ये एक पट्टी बसवत. ती बेकेलाइटसारख्या पदार्थाची असे, कारण तिचं काम उष्णतेला वाट न देणं एवढंच होतं. फ्रीज थंड ठेवायचा असताना ही पट्टी म्हणजे हुशारी होती. तो तापवायचा म्हटलं की तीच पहिली तडकते आणि मांसाला जळक्या प्लास्टिकचा वास देते. वेल्डरबुवांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो या पट्टीवर. चारही बाजूंनी ती उपटली, मागची लोकर सुटून येऊ नये म्हणून हातानं दाबून धरली, आणि पातळ स्टेनलेस पत्रा काटकोनात वाकवून नव्यानं चौकट बनवली. कोपऱ्यांवर पत्रा नीट बसेना. तिथे त्यांनी कागदाचे नमुने कापले, पुन्हा कापले, मग पत्र्याला हात घातला. बोट फिरवून पाहिलं तर सांधा लागत नाही. मला विचाराल तर या यंत्राचं खरं कसब त्या चार कोपऱ्यांत आहे. धुराडं बसवणं कुणालाही जमेल.

बाकीची कामंही होतीच. बर्फाचा अॅल्युमिनियमचा कप्पा काढला, मोटार काढली, दाराचं रबर सोलून तिथे काचतंतूंचा दोर बसवला. पोलादी दार आणि त्यावर दोर असं ओझं झाल्यामुळे बिजागऱ्या खिळखिळ्या वाटू लागल्या, तेव्हा त्या सरळ वेल्ड करून पक्क्या केल्या. मग तळाजवळ एक भोक आणि माथ्यावर एक, दोन्हींना सरकती झडप. फ्रीज बनवणाऱ्यांनी आयुष्यभर हवा अडवली. धूर मात्र वाहता लागतो. कोंडलेला धूर पांढरा, दाट होतो आणि मांसावर कडू, डांबरट थर बसवतो. चांगला धूर निळसर, दिसेल न दिसेल असा. म्हणजे इतक्या निगुतीनं हवाबंद केलेल्या पेटीला पुन्हा मापून गळकं करायचं.

सॉसेज टांगले की लगेच धूर देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. आधी तासभर पंचावन्न अंशांच्या आसपास नुसती ऊब. वरचं आवरण कोरडं, किंचित चिकट व्हावं लागतं. ओल्यावर धूर बसला तर डाग पडतात आणि चव आंबूस होते. मग भुसा पेटवायचा आणि आच पायरीपायरीनं वाढवायची. घाई करून आतली हवा ऐंशीच्या वर नेली तर चरबी वितळून खालच्या परातीत जाते आणि हातात भुगा उरतो. सॉसेजच्या गाभ्यात एकाहत्तर अंश आले की बाहेर काढून गार पाणी. हे सगळं करताना बुवा दाराला हात लावत नाहीत. दारातून आत खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा पाहतात आणि झडप बोटाच्या पेराएवढी सरकवतात.

दार बंद ठेवणारी कडी मात्र मूळचीच. क्रोमची, लांब, ओढली की ‘खट’ असा भारदस्त आवाज करणारी. मी तिची स्तुती केली तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, “ही आतून उघडत नाही.”

अमेरिकेत या कडीनं मुलं मारली आहेत. टाकून दिलेले फ्रीज अंगणात, गल्लीत, कचऱ्याच्या ढिगाजवळ पडून असत. लपंडाव खेळताना एखादं पोर आत शिरे, दार लागे. लोकरीच्या जाड भिंतींतून ओरडणं बाहेर येत नसे. असे प्रकार इतके वाढले की 1956 च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी रेफ्रिजरेटर सेफ्टी अॅक्टवर सही केली. 1958 च्या ऑक्टोबरअखेरीपासून बनणारा प्रत्येक घरगुती फ्रीज आतून उघडता आला पाहिजे, असं ठरलं. नियमासाठी आकडा हवा होता, म्हणून शास्त्रज्ञांनी दोन ते पाच वर्षांच्या सुमारे दोनशे मुलांना फ्रीजसारख्या अंधाऱ्या पेटीत ठेवून ती सुटायला काय करतात ते पाहिलं. काही दार ढकलत, काही मूठ फिरवू पाहत, काही नुसती आईला हाका मारत. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पण त्यातून नेमकं काय हवं ते कळलं: दार आतून साध्या ढकलण्यानं, सुमारे सात किलोच्या जोरानं, उघडलं पाहिजे. कडी गेली, रबरातलं चुंबक आलं.

आणि ते चुंबकाचं रबर स्मोकरला चालत नाही. तापलं की मऊ पडून गळतं. धुरवायचा फ्रीज म्हणजे पुन्हा कडीचा फ्रीज. बुवांनी यावर स्वतःपुरता तोडगा काढला आहे. कडीची जीभ जिच्यात अडकते ती चौकटीवरची खोबण दोन स्क्रूंनी बसवलेली आहे. काम संपलं की ते खोबण काढून घरात खुंटीला अडकवतात आणि दाराला बाहेरून साखळी-कुलूप घालतात, म्हणजे कुणी आत जायचाच प्रश्न नको. नातवंडं यायची असली की दोनदा तपासतात.

हे ऐकल्यावर माझं कौतुक जरा थंडावलं, आणि मग अडचणींची रांगच लागली. असा फ्रीज करायचाय म्हणून त्यांच्याकडे विचारायला तरुण येतात, आणि बहुतेकांना ते परत पाठवतात. कुणाकडे 1970 नंतरचा फ्रीज असतो. त्याचं अंतरंग प्लास्टिकचं, भिंतीत पॉलियुरेथेन फोम. शंभर अंशांच्या आसपास प्लास्टिक लोळतं, फोम पेटला तर त्याचा धूर जीवघेणा. कुणाकडे जुना असतो, पण भिंतीत लोकरीऐवजी बूच किंवा डांबर लावलेला कागद निघतो. कुणी मूळच्याच चमकदार जाळ्यांवर मांस ठेवायला निघतो. जुन्या जाळ्यांना कधी कॅडमियमचा मुलामा असे; तापल्यावर आणि आंबट मसाल्याशी गाठ पडल्यावर तो विषारी. बुवांनी त्या सगळ्या फेकून स्टेनलेसच्या सळ्या घातल्या.

गॅसचं वेगळंच. नळी कापली आणि फुस्स करून सोडून दिलं, असं इथे 1 जुलै 1992 पासून बेकायदा आहे. परवानाधारक मेकॅनिकला बोलावून तो काढून घ्यावा लागतो. भंगारातल्या फ्रीजपेक्षा त्याची फी जास्त पडते, हे ऐकून निम्मे लोक तिथेच गळतात.

मांसाची बाजू याहून नाजूक. ऊबदार, ओलसर, प्राणवायू कमी असं सॉसेजचं पोट बोट्युलिझमच्या जंतूंना मानवतं. म्हणून नायट्राइट घातलेलं गुलाबी मीठ हवंच, आणि तेही मोजून: सव्वाअकरा किलो मांसाला जेमतेम अठ्ठावीस ग्रॅम. कमी पडलं तर जंतूंचा धोका, जास्त पडलं तर मिठाचाच. बुवांचा औषधाच्या दुकानात शोभेल असा छोटा काटा फक्त एवढ्याचसाठी आहे. शिवाय 2002 मध्ये विस्कॉन्सिनच्या हरणांत एक रोग सापडला. त्यात मेंदू झिजतो, आणि त्याचं कारण असलेली प्रथिनं ना आचेनं नष्ट होत, ना मिठानं, ना धुरानं. माणसाला तो झाल्याचं सिद्ध नाही, पण रोगी हरण खाऊ नये असा सरकारी सल्ला आहे. म्हणून बुवांच्या प्रत्येक हरणाचा नमुना तपासणीला जातो आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये थांबतं.

आणि मुळात पेटीच मिळेनाशी झाली आहे. त्या काळातले फ्रीज आता रंगवून दिवाणखान्यात ठेवणारे हौशी लोक विकत घेतात. वेल्डरला परवडतील अशा किमती राहिल्या नाहीत. जाणकार आता शाळांच्या आणि हॉटेलांच्या लिलावात अन्न गरम ठेवायची कपाटं शोधतात. ती मुळातच उष्णतेसाठी बनलेली, त्यांना चाकं असतात, पट्टी उपटायची नाही, गॅस काढायचा नाही. दोन भोकं पाडली की झालं. बुवांना ते पटतं, पण रुचत नाही.

आपल्यामागे याचं काय, हे मी विचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं. मुलीला हा फ्रीज नको आहे. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, तो न्यायला तयार आहे, पण दार काढलेलं असलं तरच; दारासकट फ्रीज तो ट्रकवर चढवतच नाही. आणि बिजागऱ्या तर बुवांनी वेल्ड करून ठेवल्यात. कापायचं यंत्र कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवायला हवं, असं म्हणत ते झडप पाहायला उठले.