द्यूतगृह आणि राज्यसत्ता

द्यूत भारताला नवे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात फाशांपायी घरसंसार गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप आहे, आणि महाभारतातला अनर्थ एका द्यूतसभेतूनच ओढवला. कौटिल्याने मात्र या व्यसनाकडे राज्यकर्त्याच्या दृष्टीने पाहिले. खेळ एकाच ठिकाणी, द्यूताध्यक्षाच्या देखरेखीखाली व्हावा आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच वसूल करावे, असा दंडक त्याने घालून दिला. देखरेख आणि उत्पन्न हे दोन्ही हेतू एकाच व्यवस्थेत आले.

युरोपातही हेच घडले. व्हेनिसने 1638 साली सरकारी द्यूतगृह उघडले आणि 1774 साली ते बंद केले. पुढे मोनॅको या चिमुकल्या संस्थानाने माँटे कार्लो येथे कॅसिनो उभारून आपली रिती तिजोरी भरली. परंतु स्वतःच्या नागरिकांना तेथे खेळण्यास मनाई केली.

या मनाईचे मर्म साध्या हिशेबात आहे. रूलेटच्या युरोपीय चाकावर शून्य ते छत्तीस असे 37 आकडे असतात. प्रत्येक आकड्यावर एकेक रुपया लावणाऱ्याचे 37 रुपये खर्च होतात, आणि जिंकलेल्या आकड्याचे 35 व मूळचा एक मिळून 36 परत येतात. उरलेला रुपया घराचा. एखाद्या रात्री एखादा खेळणारा जिंकतो. परंतु दीर्घकाळच्या खेळात घराची सरशी ठरलेली असते. त्यासाठी लबाडी करावी लागत नाही.

आपल्याकडे 1976 या एकाच वर्षी दोन कायदे झाले. गोव्याचा कायदा जुगाराला प्रतिबंध करणारा, तर महाराष्ट्राचा कॅसिनोला परवाना देऊन कर घेणारा. पुढे मात्र उलटेच घडले. गोव्याने 1992 साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना वाट दिली, आणि 1996 साली जहाजांवरील खेळांना. ही जहाजे दूर समुद्रात न जाता पणजीसमोर मांडवीच्या पात्रातच नांगरली गेली, आणि राजधानीचा नदीकाठ रात्री त्यांच्या दिव्यांनी उजळू लागला. महाराष्ट्राचा परवान्याचा कायदा मात्र कधी अंमलातच आला नाही. 2023 साली विधिमंडळाने तो रद्द केला.

गोव्यात या व्यवसायाने सरकारला महसूल आणि अनेकांना रोजगार दिला. तरीही 2020 च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोमंतकीयांना या द्यूतगृहांत खेळण्यास बंदी घालण्यात आली. मोनॅकोचाच धडा येथे गिरवला गेला. या बंदीत शासनाने एक गोष्ट न बोलता मान्य केली आहे: येणारा पैसा कोणाच्या तरी घरातून जातो, ते घर आपल्या माणसाचे नसावे एवढेच. परंतु बेळगाव, पुणे किंवा मुंबईहून येणाऱ्या माणसालाही घर असतेच. त्या घराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दोन्ही कायद्यांनी अनुत्तरितच ठेवला आहे.