थेंबाचा हिशेब

बीड जिल्ह्यातील कारखानदारी म्हटली की साखर कारखाने आणि जिनिंग-प्रेसिंग आठवतात. घातक कचरा मात्र आपल्याला मुंबई-ठाण्याकडचा वाटतो. पण यंत्रांतून काढलेले जळके तेलसुद्धा कायद्याने घातक कचराच आहे आणि ते प्रत्येक साखर कारखान्यात निघते. तेव्हा हा विषय आपल्या दारातलाच आहे.

या कचऱ्याचे करायचे काय? २०१६ च्या नियमांनुसार तो कारखान्यात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तेल परवानाधारक पुनर्शुद्धीकरण केंद्राकडे देता येते, पण विषारी गाळ सामाईक विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो. अशी केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा मोजक्याच ठिकाणी आहेत. बीडहून रांजणगाव गाठायचे तर अहिल्यानगर ओलांडून जायचे. वाहतूक आणि केंद्राचे शुल्क असा दुहेरी खर्च छोट्या कारखानदाराला परवडत नाही, आणि ‘रात्री ओढ्यात सोडून देऊ’ हा मोह तिथेच सुरू होतो. म्हणून गाळ मुळात कमी कसा निघेल, हे पाहणे महत्त्वाचे.

समजा, बीडच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी वस्तूंना क्रोमियमचा मुलामा देणारी एक शेड आहे. मुलाम्याच्या द्रावणात लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल, म्हणजे जवळपास १३० ग्रॅम क्रोमियम असते. हे षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. भागाकार करून पाहा: असे एक लिटर द्रावण २६ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊ शकते! आपला खडक बसाल्ट. त्याच्या भेगांतून पाणी विहिरीत उतरते, तसेच हेही उतरेल.

हे द्रावण टाकीबाहेर येते ते वस्तूला चिकटून. वस्तू धुतली की ते पाण्यात जाते. त्या पाण्यात आधी षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी करतात, मग चुना घालून गाळ खाली बसवतात. म्हणजे वाया गेलेल्या मालावर आणखी रसायने विकत घेऊन कचरा वाढवायचा!

त्याऐवजी वस्तू उचलल्यावर टाकीवरच थोडा वेळ निथळू द्यावी, आणि तिच्या खळग्यांत द्रावण साचणार नाही अशा बेताने टांगावी. वर्गात चमचा शाईत बुडवून एकदा आडवा, एकदा उभा धरा आणि दोन्ही वेळा किती शाई चिकटून राहते ते पाहा. या सुधारणेला यंत्र लागत नाही, हातांना सवय लागते.

दुसरी युक्ती धुण्याची. चिकटून आलेले एक लिटर द्रावण हजारपट विरळ करायला एकाच टाकीत १,००० लिटर पाणी लागेल. तीन टाक्या ओळीने ठेवा. वस्तू पहिलीतून तिसरीकडे न्या. स्वच्छ पाणी तिसरीत सोडून उलट पहिलीकडे वाहू द्या. प्रत्येक टाकीत दहापट विरळ झाले तरी १० × १० × १० = १,००० होतात, आणि पाणी लागते सुमारे १० लिटर! २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात हा आकडा गाळाइतकाच मोलाचा आहे.

शिवाय पहिल्या टाकीतले पाणी आता दाट असते. मुलाम्याची टाकी गरम असल्याने तिच्यातले पाणी सारखे उडते. ती घट याच पाण्याने भरून काढता येते. क्रोमियम घरी परत!

एक अडचण मात्र राहते. द्रावणाबरोबर त्यात विरघळलेले लोखंडही परत येते आणि साठत जाते. पूर्वी ते वाहून जात असे. आता अधूनमधून द्रावण तपासून ते आयन-विनिमयासारख्या पद्धतीने काढावे लागते. त्यामुळे थोडा कचरा उरतोच, आणि तेवढा रांजणगावला पाठवावा लागतो.