लालबागच्या राजाचं दर्याशी नातं
लालबागच्या राजाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की हा गणपती मुळात कोळ्यांचा नवस आहे? १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला. मासळी विकणारे कोळी आणि इतर विक्रेते उघड्यावर बसू लागले. हक्काच्या जागेसाठी त्यांनी गणपतीला साकडं घातलं. जागा मिळाली, नि १९३४ मध्ये राजा बसला. पहिल्या मूर्तीचं रूप मला फार आवडतं: कोळी वेशातला दर्यासारंग! देवालाच त्यांनी आपल्यातला करून घेतलं. आजही गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला कोळी बांधव सजवलेल्या होड्या घेऊन सलामीला येतात. यंदा गेलात, तर नजर त्या होड्यांकडेही जाऊ द्या.